न पाहिलेल्या जनावराचे शिंग

मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेसमोर सकाळी पाच मिनिटे उभे राहा. पिरंगुट असो, पौड असो की घोटावडे. मुलींच्या दप्तरांवर एक जनावर हमखास दिसते. पांढरा घोडा, गुलाबी आयाळ आणि कपाळावर पिळाचे एकच शिंग. मुली त्याला युनिकॉर्न म्हणतात. शाळेमागच्या डोंगरात शेकरू आहे, खवले मांजर आहे, गवा आहे. त्यांचे चित्र काढायला सांगितले तर मुले अडखळतात. युनिकॉर्न मात्र पहिलीतली पोरसुद्धा न चुकता काढते.

यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मुलांच्या दप्तरावर काय असावे हे मोठ्यांनी ठरवू नये, या मताचा मी आहे. मला कुतूहल वेगळे आहे. हा घोडा परीकथेतून आलेला नाही. दोन हजार वर्षे तो प्राण्यांची माहिती देणाऱ्या ग्रंथांत राहत होता. हत्ती, सिंह, उंट यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच गांभीर्याने. त्याचे मूळ गाव हिंदुस्थान, असे ते ग्रंथ सांगतात. त्याच्या प्रवासात आपले चौल लागते, गोवा लागतो, अहमदनगरच्या निजामशाहाचा एक हकीम भेटतो. अरबी आणि फारसी किताबांत तर त्याचा मुक्काम शतकानुशतके होता. हा प्रवास नीट पाहिला की आपल्याच तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात आज चालणारा एक धंदा समजतो. त्या धंद्यात जनावरे मरतात आणि माणसे तुरुंगात जातात. म्हणून हा लेख.

ऐकलेला हिंदुस्थान

इ.स.पू. ४००च्या सुमारास क्टेसियस नावाचा एक ग्रीक हकीम इराणचा बादशहा दुसरा अर्तक्षत्र याच्या दरबारात होता. त्याने हिंदुस्थानावर एक पुस्तक लिहिले. स्वतः तो इकडे कधी आला नाही. दरबारात येणारे-जाणारे जे सांगत ते त्याने लिहून घेतले. हिंदुस्थानात घोड्याएवढी रानगाढवे असतात, असे तो लिहितो. अंग पांढरे, डोके तांबडे, डोळे निळे. कपाळावर हातभर लांबीचे एक शिंग. त्याचा बुंधा पांढरा, मधला भाग काळा, टोक लाल. त्या शिंगाच्या पेल्यातून जो पाणी पितो त्याला विष बाधत नाही आणि फेफरे येत नाही.

या वर्णनामागे आपला एकशिंगी गेंडा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात रानगाढव आणि आणखी एखादे हरीण मिसळले असावे. पण वर्णनाचा शेवट लक्षात ठेवा. जनावर कसे दिसते हे सांगून लेखक थांबला नाही. त्याचे शिंग कशाला उपयोगी पडते हेही त्याने सांगितले. पुढच्या दोन हजार वर्षांत रंग बदलले, खूर बदलले, घोड्याचा बैल आणि बैलाचा बोकड झाला. औषधाचे ते वाक्य मात्र जसेच्या तसे राहिले.

ज्या भूमीबद्दल हे लिहिले गेले तिथल्या माणसांना गेंडा चांगला माहीत होता. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४मध्ये काशाची चार शिल्पे सापडली. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, म्हैस, हत्ती आणि गेंडा. उत्तर-हडप्पा काळातली म्हणून ती ओळखली जातात. त्यातला गेंडा पाहिला की घडवणाऱ्याला हे जनावर ठाऊक होते याविषयी शंका राहत नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर एक शिंग दिसणारे बैलासारखे जनावर सर्वांत जास्त वेळा येते. त्याच मुद्रांच्या संग्रहात गेंडाही आहे, कातडीच्या घड्यांसकट, अगदी वेगळा. म्हणजे त्या कारागिरांच्या मनात दोघांचा गोंधळ नव्हता. गोंधळ झाला तो लांब बसून ऐकणाऱ्यांचा.

चौलला उतरलेला मुसाफिर

मुळशीच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. तैलबैला, घनगड, कोराईगड या किल्ल्यांच्या आजूबाजूने जुन्या घाटवाटा खाली कोकणात उतरतात. बंदरांचा माल या असल्या वाटांनी वर देशावर येई. त्या बंदरांपैकी एक मोठे बंदर म्हणजे चौल, अरबांच्या लिखाणातले सैमूर. बगदादचा मुसाफिर आणि इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, तिथे होता. या शहरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले बरेच इथेच जन्मलेले आहेत, असे त्याने नोंदवले. कोकणी मुसलमानांच्या इतिहासात हा उल्लेख नेहमी सांगितला जातो. त्याच ग्रंथातली दुसरी एक नोंद मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि ती मला तितकीच मोलाची वाटते.

मसऊदीच्या आधी बसऱ्यात अल-जाहिझ नावाचा थोर लेखक होऊन गेला. त्याचा प्राण्यांवरचा ग्रंथ अरबी साहित्याचा मानबिंदू मानला जातो. गेंड्याबद्दल त्यात एक कथा येते. मादी सात वर्षे गाभण राहते आणि तेवढ्या काळात पिलू आईच्या पोटातून डोके बाहेर काढून चरते, मग पुन्हा आत जाते. मसऊदीला ही गोष्ट पटेना. त्याने सिराफ आणि ओमानच्या दर्यावर्दींना विचारले, कारण ते हिंदुस्थानात सतत ये-जा करत. हिंदुस्थानात भेटलेल्या व्यापाऱ्यांनाही विचारले. ऐकणारा प्रत्येक जण चकित झाला. ही मादी गाय-म्हशीसारखीच गाभण राहते आणि तशीच विते, असे त्यांनी सांगितले. मसऊदीने ते लिहून ठेवले. शिवाय जाहिझसारख्या माणसाकडे ही कथा आली कुठून, कुठल्या पुस्तकातून की कुणाच्या तोंडून, असा सवालही टाकला.

मला या नोंदीतला शिष्टाचार आवडतो. त्याने जाहिझला शिव्या घातल्या नाहीत आणि त्याच्या नावापुढे हातही जोडले नाहीत. ज्यांना माहीत असण्याची शक्यता होती, त्यांच्याकडे जाऊन विचारले, इतकेच.

तीन साक्षी, तीन निकाल

मसऊदीनंतर शंभरेक वर्षांनी अल-बिरुनीने हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ लिहिला, इ.स. १०३०च्या सुमारास. त्यात गेंड्याचे वर्णन आहे आणि त्याने शब्द वापरला आहे तो इथलाच, गंडा. बांधा म्हशीसारखा, कातडी काळी आणि खवल्यांसारखी, हनुवटीखाली लोंबणारी पोळी, प्रत्येक पायाला तीन पिवळे खूर, डोळे इतर जनावरांपेक्षा खाली, नाकावर वर वळलेले एक शिंग. या वर्णनावरून आज कुणीही चित्रकार बऱ्यापैकी गेंडा काढील. घोडा नाही, निळे डोळे नाहीत, विषावरचा पेला नाही.

गेंडा आणि हत्ती हे जन्माचे वैरी आहेत, गेंडा शिंगाने हत्तीला फाडतो, हे जुन्या ग्रंथांतले आणखी एक ठरलेले वाक्य. प्लिनी या रोमन लेखकापासून ते चालत आले. या वाक्याचे काय झाले पाहा. बिरुनी सांगतो की एका तरुण गेंड्याने हत्तीच्या पुढच्या पायाला शिंगाने जखम करून त्याला तोंडघशी पाडले, हे मी स्वतः पाहिले. पाचशे वर्षांनी, ३ जून १५१५ रोजी, लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या राजाने मुद्दाम एक हत्ती आणि गेंडा समोरासमोर आणला. लढत झालीच नाही, हत्ती पळून गेला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत बाबराने पेशावरच्या बाजूला शिकारीत हाच प्रकार पाहिला. तिथे हत्ती समोर येताच गेंड्याने पळ काढला. गेंडा हत्तीला शिंगावर उचलतो ही लोकांची समजूत खोटी आहे, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात साफ लिहून टाकले.

एका ठिकाणी गेंडा जिंकला, दुसऱ्या ठिकाणी हत्ती पळाला, तिसऱ्या ठिकाणी गेंडा पळाला. तिघांच्याही साक्षी मला खऱ्या वाटतात. खोटे ठरले ते फक्त ग्रंथातले कायमच्या वैराचे वाक्य. जनावरे भुकेप्रमाणे, वयाप्रमाणे, जागेप्रमाणे वागतात. शेजारी राहणाऱ्या दोन जमातींबद्दलही असली कायमच्या वैराची वाक्ये लिहिली जातात. ती वाचताना मला हा हत्ती आणि हा गेंडा आठवतो.

अजाइबची किताब

आता आपल्याच घरातली दुसरी बाजू. सगळे अरबी-फारसी लेखक बिरुनीसारखे नव्हते. तेराव्या शतकात जकरिया अल-कझवीनीने सृष्टीतल्या अजब गोष्टींचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सचित्र नकला इराणपासून हिंदुस्थानपर्यंत शेकडो वर्षे होत राहिल्या. दख्खनच्या दरबारांतही हा वाङ्मयप्रकार लाडका होता. या ग्रंथांतल्या चित्रांत कर्गदन, म्हणजे गेंडा, नाना रूपांत भेटतो. कधी बैल, कधी घोडा, कधी सिंहासारख्या अंगाचा, काही ठिकाणी खांद्याला पंखदेखील. शिंग एक असले की बाकी सगळे चित्रकाराच्या मर्जीवर.

अशा ग्रंथांत एक सुंदर कथा आहे. या रागीट जनावराला पारव्याच्या जातीच्या एका पाखराचा आवाज फार आवडतो. तो पाखराच्या झाडाखाली उभा राहून घुमणे ऐकत बसतो. पाखरू शिंगावर येऊन बसले तर मान हलवत नाही, ते उडून जाईल म्हणून. काझीरंग्यात चरणाऱ्या गेंड्याच्या पाठीवर मैना आणि बगळे बसलेले असतात, हे आपण फोटोत पाहतो. कुणीतरी कधीतरी खरोखर पाहिलेले दृश्य या कथेच्या तळाशी असेल, असे मला वाटते.

या किताबांवर हसणाऱ्यांपैकी मी नाही. निर्मात्याच्या सृष्टीकडे पाहून थक्क व्हावे, हा त्यांचा हेतू होता आणि तो हेतू चांगला आहे. पण आपल्यातले काही जण दुसऱ्या टोकाला जातात. आपले पूर्वज सगळे शास्त्रज्ञच होते, त्यांच्या ग्रंथांत चूक असूच शकत नाही, अशी भाषणे मी ऐकली आहेत. या भाषणांनी मसऊदीचा अपमान होतो. कारण तो मोठा ठरला तो जाहिझची कथा तपासायला गेल्यामुळे. नकलणारे आणि विचारणारे हे दोघेही आपल्याच परंपरेत आहेत. कुणाचा वारसा सांगायचा ते आपण ठरवायचे.

गोव्याहून गेलेला गंडा

नकलेची सर्वांत मोठी गोष्ट मात्र युरोपात घडली आणि तिची सुरुवात आपल्या किनाऱ्यावर झाली. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने १५१४मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. गेंडा गोव्यात आला. जानेवारी १५१५मध्ये त्याला जहाजावर चढवले. सोबत राखणदार होता. पोर्तुगीजांनी त्याचे नाव ओसेम असे लिहिले. २० मे १५१५ रोजी जहाज लिस्बनला लागले. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला गेंडा. लोक त्याला आपल्याच शब्दाने गंडा म्हणत.

राजाने वर्षअखेरीस तो पोपकडे रवाना केला. १५१६च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळीने बांधलेला गेंडा बुडाला. पण त्याआधी लिस्बनहून एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्युरेंबर्गला पोचले होते. तिथे आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने गेंडा न पाहता लाकडाच्या ठशावर त्याचे चित्र कोरले. कातडीच्या घड्यांचे त्याने चिलखताचे पत्रे केले, पायांना खवले दिले, आणि खांद्यावर, मानेच्या मागे, एक छोटे पिळाचे शिंग काढले. असे शिंग कुठल्याही गेंड्याला नसते.

चित्र अप्रतिम होते. म्हणूनच घोटाळा झाला. कोनराड गेस्नरने १५५१पासून छापलेल्या प्राण्यांच्या महाग्रंथात ते घेतले. एडवर्ड टॉप्सेलच्या १६०७च्या इंग्रजी पुस्तकात ते आले. युनिकॉर्नही गेस्नरच्या ग्रंथात होता आणि टॉप्सेलच्याही. एकाच पुस्तकात खांद्यावर खोटे शिंग असलेला खरा गेंडा आणि कपाळावर शिंग असलेला खोटा घोडा, दोघे सुखाने नांदले. १७४१मध्ये क्लारा नावाची गेंड्याची मादी हिंदुस्थानातून हॉलंडला नेली गेली आणि पुढे वर्षानुवर्षे युरोपभर दाखवली गेली. तेव्हा कुठे चित्रकारांनी समोर जनावर ठेवून चित्रे काढली आणि खांद्यावरचे शिंग पुस्तकांतून हळूहळू गळाले. दोनशेहून अधिक वर्षे!

मला राहून राहून ओसेमचा विचार येतो. तो त्या जनावराला रोज चारा-पाणी देत होता. त्याचे किती खूर, किती शिंगे, तो कधी रागावतो, कधी पाण्यात डुंबतो, हे जगात त्याच्याइतके त्या घडीला कुणाला ठाऊक होते? ड्यूररच्या चित्रावर मजकुराच्या कितीतरी ओळी आहेत. त्यात राजाचे नाव आहे, हत्तीच्या वैराचे जुने वाक्य आहे. राखणदाराचे नाव नाही.

शिंगाची किंमत

चित्र चुकले तर काय बिघडले, असे कुणी विचारील. चित्राने काही बिघडत नाही. बिघडते ते चित्राला बाजारात भाव आला की.

विषावरच्या उताऱ्याचे वाक्य क्टेसियसपासून निघाले होते. विषप्रयोगाच्या भीतीने जगणाऱ्या राजे-सरदारांना ते हवेच होते. मग युनिकॉर्नची शिंगे विकली जाऊ लागली. लांबलचक, पांढरी, पिळाची. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नार्व्हल नावाचा देवमासा असतो. त्याचा तो दात. युनिकॉर्नच्या शिंगाला जो पीळ चित्रांत दिसतो, अगदी आपल्या मुलींच्या दप्तरावरही, तो या देवमाशाच्या दाताचा पीळ आहे. फ्रान्सच्या राजांचा शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने १५८२मध्ये या औषधावर टीका करणारे पुस्तक लिहिले. डॅनिश वैद्य ओले वुर्म याने १६३८मध्ये हे शिंग नसून नार्व्हलचा दात आहे असे दाखवून दिले. तरी डेन्मार्कच्या राजाने पुढे नार्व्हलच्या दातांनी मढवलेले सिंहासन बनवून घेतलेच.

आपल्याकडे हाच प्रश्न गोव्यात आला होता. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज हकीम १५३४मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे त्याचे हकीम म्हणून आणि दोस्त म्हणून जाणे-येणे होते. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात १५६३मध्ये छापला गेला. बंगालकडचे लोक गेंड्याचे शिंग विषावर वापरतात आणि ते युनिकॉर्नचे समजतात, पण ते तसे नाही, असे तो सांगतो. जुन्या ग्रंथकारांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर भर देणारा हा माणूस. त्याच्या मृत्यूनंतर, १५८०मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. कारण त्याचे मूळ ज्यू होते.

नार्व्हल दूर समुद्रात होता. गेंडा हातात होता. शिंगासाठी, शिकारीच्या हौसेसाठी आणि गवताळ रान मोडल्यामुळे एकशिंगी गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास उरला होता, असे मानतात. गेंड्याचे शिंग म्हणजे केराटिन. आपली नखे ज्याची बनतात तेच. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखाटला तिजोऱ्यांत साठलेली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. या शिंगाला काडीची किंमत नाही, हे सांगण्याचा तो मार्ग होता. काझीरंग्यात २०२२च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले. जनावर वाचले ते पहारा ठेवणाऱ्या वनरक्षकांमुळे. वाक्य अजून मेलेले नाही.

आपल्या रानातली शिंगे

ते वाक्य मुळशीतही राहते. त्याने फक्त नाव बदलले आहे. मांडूळ हा बिनविषारी, शांत साप. भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो, शेतकऱ्याचा मित्र. त्याचे शेपूट आखूड आणि बोथट असते. धोका वाटला की तो डोके दडवतो आणि शेपूट पुढे करतो. एवढ्यावरून तो दुतोंडी झाला. दुतोंडी झाला म्हणून गुप्तधन दाखवू लागला. मग वजनावर भाव ठरला, लाखांची बोली लागली. शेपटावर डाग देऊन डोळे पाडणारेही आहेत. पुणे जिल्ह्यात मांडूळ विकताना पकडलेल्यांच्या बातम्या नेमाने येतात. पकडली जाणारी बहुतेक पोरे कर्जात बुडालेली, झटपट पैशाच्या मागे लागलेली असतात. लाखो रुपये देणारे गिऱ्हाईक युनिकॉर्नइतकेच खरे असते.

खवले मांजराची खवले केराटिनची, गेंड्याच्या शिंगासारखीच, आणि तशाच खोट्या औषधांसाठी ते मारले जाते. कोल्ह्याचे शिंग तर थेट युनिकॉर्नचा भाऊ. कोल्ह्यांच्या म्होरक्याला डोक्यावर छोटे शिंग असते, ते जवळ असले की कोर्टकचेरीत जय मिळतो, पैसा येतो, ही समजूत भारतभर आणि श्रीलंकेत आहे. श्रीलंकेतले ब्रिटिश अधिकारी एमर्सन टेनंट यांनी १८६१मध्ये तिथल्या प्राण्यांवर लिहिलेल्या पुस्तकात या शिंगाचे चित्रसुद्धा दिले. कोल्ह्याला शिंग नसते. विकतात तो केसाळ कातड्याचा बांधलेला गोळा. या बाजारात धर्माची भिंत नाही. बाबा, बुवा, आमिल, मांत्रिक सगळे दुकान मांडून बसलेले आहेत आणि गिऱ्हाइके सगळ्या वस्त्यांतून येतात. आपल्या मोहल्ल्यातही येतात, हे आपण आधी कबूल केले पाहिजे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२पासून आहे. त्याचा धाक हवा, पण तेवढ्याने हे वाक्य मरणार नाही. कारण ते आता किताबांऐवजी मोबाईलवर नकलले जाते. दुतोंड्या सापाचा व्हिडिओ पुढे पाठवणारा माणूस गेस्नरच्या छापखान्यात बसलेला आहे. चित्र भारी आहे, कुणी पाहिले ते ठाऊक नाही, पुढे पाठव.

पाहणे म्हणजे मोबाईल घेऊन धावणे, असेही नव्हे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला एक गवा वस्तीत आला. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा, पाठलाग. बेशुद्ध करून पकडल्यावर तो त्याच दिवशी मेला. हजारो लोकांनी त्याचे चित्रण केले. त्याला पाहिले किती जणांनी? त्याच महिन्यात बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी गर्दी आवरली गेली आणि तो रानाकडे परत गेला. दोन आठवड्यांत एवढा फरक पडू शकतो.

मांडुळाबद्दल मी एकदा आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांना विचारले होते. ते हसून म्हणाले, "दोन तोंडं असती तर दोन्हीकडनं खाल्लं नसतं का? एवढी वर्षं बघतोय, शेपटाकडनं उंदीर गिळताना नाय दिसला." सिराफच्या दर्यावर्दींनी मसऊदीला याच सुरात उत्तर दिले असेल.

माझे म्हणणे साधे आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यातले धनगर, कातकरी, गुराखी, वनमजूर हे आपले ओसेम आहेत. कुठल्या झाडावर शेकरू घरटे करते, शिंगचोच्याची ढोली कुठे आहे, खवले मांजर कुठल्या वारुळाशी रात्री येते, हे त्यांना माहीत आहे. आपल्या पुस्तकांत त्यांचे नाव नाही. कातकऱ्याकडे तर आपण शिकारी म्हणून संशयानेच पाहतो. चिपळूणजवळ डुगवे गावात खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून लोकांनी खवलोत्सव केला. गावाने एखादे जनावर आपले मानले की दलालाला गावात बोलणे अवघड जाते.

मुळशीतल्या शाळांनी एवढेच करावे. प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवावी आणि तिला खुशाल अजाइबची वही म्हणावे. तिच्यात मुलांनी आपल्या शिवारातली जनावरे काढावीत. अट एकच: चित्राखाली ते कुणी पाहिले, कुठे पाहिले, कधी पाहिले हे लिहायचे. स्वतः पाहिले नसेल तर ज्याने पाहिले त्याच्याकडे जाऊन विचारायचे आणि त्याचे नाव लिहायचे. चित्र वाकडे आले तरी चालेल. दप्तरावरचा पांढरा घोडा दप्तरावर राहू द्या, त्याने कुणाचे बिघडत नाही. वहीत मात्र त्या धनगर बाबांचे नाव यायला हवे.